चूक, दुरुस्ती आणि दुरुस्त करणारा

बोलता बोलता समोरच्या माणसाच्या तोंडून भाषेची एखादी चूक निसटते. ऐकणाऱ्याच्या ती लक्षात येते. क्षणभर तो घुटमळतो आणि मग एक तर ती चूक सुधारून देतो, किंवा काही ऐकलेच नाही असे दाखवून संभाषण पुढे नेतो. हा क्षण इतका लहान असतो की त्यात एखादा नैतिक निर्णय दडलेला आहे, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु चूक इंग्रजीची असेल तर आपल्या देशात या क्षणाला निराळे वजन येते. इंग्रजीत अडखळणाऱ्या माणसाचे शिक्षण, गाव, घर आणि कित्येकदा जातदेखील त्या एका वाक्यावरून ऐकणारा ताडू पाहतो. त्यामुळे 'तुमचे हे वाक्य चुकले' हे विधान केवळ वाक्याविषयीचे राहत नाही.

अशा चुकांकडे पाहण्याच्या तीन रीती सुशिक्षित समाजात रूढ आहेत. पहिली शिक्षकाची. चूक दिसली की ती दाखवलीच पाहिजे. न दाखवणे म्हणजे कर्तव्यात कसूर. दुसरी शिष्टाचाराची. अर्थ कळला, काम झाले, मग चारचौघांत कोणाचा पाणउतारा कशाला करावा? तिसरी अलीकडच्या भाषाविचारातून आलेली आहे. जिला चूक म्हटले जाते ती मुळात भारतीयांनी आपलीशी केलेल्या इंग्रजीची रीतच होय, आणि तिला चूक ठरवणे ही जुन्या सत्तेची उरलेली सवय होय, असे ती सांगते. तिन्ही रीतींत तथ्य आहे आणि तिन्ही अपुऱ्या आहेत. शिक्षकी वृत्तीचे लक्ष नियमावर खिळलेले असते. शिष्टाचार माणसाचा विचार करतो खरा, पण त्याच्या क्षणिक संकोचापुरताच. तिसरी रीत भाषेचा विचार करते आणि त्या भाषेवर ज्याचे पोट अवलंबून आहे त्याला विसरते. दुरुस्त करणारा कोण, तो कोणासाठी दुरुस्त करतो आणि दुरुस्तीची किंवा मौनाची किंमत कोण मोजतो, हे प्रश्न तिन्ही रीतींत मागेच राहतात. ते विचारावयाचे तर तमिळनाडूतील कुंभकोणम या गावाचा गेल्या शतकातील इतिहास फार उपयोगी पडतो.

कावेरीच्या काठचे हे देवळांचे गाव मराठी वाचकाला सर्वस्वी परके नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावरला जे राज्य स्थापिले, त्याच्याबरोबर मराठी बोलणारी घराणी या मुलखात येऊन स्थिरावली. १८५५ मध्ये ते राज्य खालसा झाले; भाषा मात्र घराघरांत टिकली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव १८२८ मध्ये कुंभकोणमलाच जन्मले. घरी मराठी, गावात तमिळ, विद्येसाठी संस्कृत आणि चाकरीसाठी इंग्रजी अशी चार भाषांची व्यवस्था या वर्गाच्या अंगवळणी पडली होती. १८५४ मध्ये येथे सरकारी शाळा निघाली आणि तिचेच पुढे महाविद्यालय झाले. त्याची कीर्ती एवढी वाढली की त्याला दक्षिणेतील केंब्रिज म्हणू लागले. योगायोग असा की त्याच १८५४ साली पुण्यात सावित्रीबाई फुले यांचा 'काव्यफुले' हा संग्रह प्रसिद्ध झाला आणि त्यातही इंग्रजी शिकण्याचा आग्रह आहे. कावेरीकाठच्या पारंपरिक विद्यावंतांना इंग्रजी हवी होती आणि ज्यांना विद्येचा अधिकारच नाकारला गेला होता त्यांनाही ती हवी होती. दोघांचीही कारणे खरी होती.

या महाविद्यालयातून सुमारे अठरा वर्षांच्या अंतराने जन्मलेले दोन विद्यार्थी गेले. पहिले व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री. कुंभकोणमजवळच्या वलंगैमान या गावी १८६९ मध्ये एका गरीब ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिक्षण संपल्यावर ते शिक्षक झाले, मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागातील हिंदू हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले, १९०७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजात आले आणि १९१५ मध्ये गोखल्यांच्या निधनानंतर त्या संस्थेचे अध्यक्ष झाले. इंग्रजी वक्तृत्वात त्यांची गणना साम्राज्यातील अग्रगण्य वक्त्यांत होत असे, आणि शब्दांच्या अचूकतेविषयीचा त्यांचा आग्रह सर्वश्रुत होता. दुसरे विद्यार्थी म्हणजे श्रीनिवास रामानुजन. जन्म १८८७ चा, वडील कापडाच्या दुकानात कारकून, घर सारंगपाणी मंदिरासमोरच्या रस्त्यावर. १९०४ मध्ये त्यांनी या महाविद्यालयात प्रवेश घेतला तो सुब्रह्मण्यम शिष्यवृत्ती मिळवून. ही शिष्यवृत्ती सामान्यतः इंग्रजी आणि गणित या दोन विषयांतील प्रावीण्यासाठी दिली जात असे. वर्षअखेर रामानुजन इंग्रजीत नापास झाले, वरच्या वर्गात चढू शकले नाहीत आणि शिष्यवृत्ती गेली. १९०५ मध्ये ते घर सोडून विशाखापट्टणमला निघून गेले. पुढे मद्रासच्या पच्चैयप्पा महाविद्यालयातूनही त्यांना परीक्षा उत्तीर्ण होता आले नाही.

ही कथा सांगताना परीक्षकाला खलनायक ठरविण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. नियम सर्वांना सारखा होता. गरीब विद्यार्थी पुष्कळ आणि शिष्यवृत्त्या थोड्या होत्या. समोरच्या मुलाच्या वहीत काय दडले आहे हे जाणण्याचे साधन इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेत नव्हते. शिवाय रामानुजनना इंग्रजी येतच नव्हते असेही नाही. १८९७ च्या प्राथमिक परीक्षेत ते जिल्ह्यात पहिले आले होते आणि त्या परीक्षेत इंग्रजी हाही एक विषय होता. गणिताने झपाटल्यानंतर त्यांनी इतर सर्व विषयांकडे पाठ फिरविली. तेव्हा येथे अन्याय शोधायचा तर तो एखाद्या व्यक्तीच्या दुष्टपणात सापडणार नाही. तो वेगळ्या ठिकाणी आहे. उत्तरपत्रिकेतील चुकांवर खुणा होतात, त्यांची बेरीज होते, बेरजेवरून निकाल लागतो आणि तेथे काम संपते. या सर्व व्यवहाराला आपण तपासणे किंवा सुधारणे म्हणतो. वस्तुतः ती मोजणी असते. मोजणीची समाजाला गरज आहे हे खरे. पण जी चूक मोजली गेली ती त्यामुळे सुधारली जात नाही आणि ज्याच्या हातून ती झाली त्याच्या हाती काही पडत नाही. व्याकरणाच्या चुका दाखवणाऱ्यांपैकी बहुतेक जण दुरुस्तीच्या नावाखाली ही मोजणीच करीत असतात. बैठकीत, मुलाखतीत, लग्नाच्या पंगतीत दुसऱ्याचे इंग्रजी सुधारणारा माणूस त्या क्षणी समोरच्याला काही देत नसतो. दोघांतील अंतर किती आहे याची तो उपस्थितांसमक्ष नोंद करीत असतो.

खरी दुरुस्ती कशी असते याचे उदाहरणही रामानुजन यांच्याच चरित्रात आहे. १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये ते कारकून म्हणून लागले आणि १६ जानेवारी १९१३ या दिवशी त्यांनी केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांना ते सुप्रसिद्ध पत्र पाठविले. पुढे हार्डींनी या पत्रांच्या भाषेसंबंधी एक मार्मिक निरीक्षण नोंदविले आहे. ही पत्रे सर्वस्वी रामानुजन यांची असावीत असे त्यांना वाटत नव्हते, कारण त्या काळी त्यांचे इंग्रजी तितके पुरेसे नव्हते. मित्रांनी थोडे साहाय्य केल्याचे रामानुजन यांनीच आपल्याला सांगितल्याचे हार्डींना अंधुकसे आठवत होते. पण महत्त्व गणिताला होते, आणि ते गणित निःसंशय रामानुजन यांचेच होते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ज्या उणिवेपायी आठ वर्षांपूर्वी शिष्यवृत्ती गेली होती, तीच उणीव येथे काही मित्रांनी भरून काढली. त्यांनी केलेले काम व्याकरणाच्या दृष्टीने त्याच जातीचे होते. मात्र त्यांना वाक्य सुधारायचे होते ते वाक्यासाठी नव्हे. त्या वाक्याच्या पाठीवर जी समीकरणे होती ती समुद्रापलीकडे सुखरूप पोहोचावीत, एवढ्यासाठी. हार्डींनी या मित्रांची नावे दिलेली नाहीत, आणि ती दिली जावीत असा आग्रह कोणी धरल्याचेही दिसत नाही.

व्याकरणाच्या पलीकडे गेले तरी हाच प्रश्न पुन्हा भेटतो. हार्डींना पत्र लिहिण्यापूर्वी रामानुजन यांचे काम लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील प्राध्यापक एम. जे. एम. हिल यांच्याकडे गेले होते. अपसारी श्रेणींच्या बाबतीत हा तरुण खड्ड्यात पडला आहे, हे त्यांनी दाखविले आणि ब्रॉमविच यांचा ग्रंथ वाचण्याचा सल्ला दिला. सल्ला प्रामाणिक होता, सहृदयही होता; परंतु जे चुकीचे दिसत होते त्याच्या आतून काय डोकावत आहे, हे त्यांना दिसले नाही. हार्डींनाही चुका दिसल्या. अविभाज्य संख्यांविषयीची रामानुजन यांची काही विधाने तर उघड चुकीची होती. आपल्या शिष्याला त्या समजुतीत राहू देणे हार्डींना अशक्य वाटले, आणि त्याला पहिल्यापासून पद्धतशीर अभ्यासाला बसविले तर त्याची प्रतिभाच कोमेजेल ही भीतीही वाटली. म्हणून त्यांनी आवश्यक तेवढे शिकविले आणि बाकीचे सोडून दिले. आपण त्याला शिकविले त्याहून अधिक त्याच्यापासून शिकलो, अशी कबुली त्यांनी पुढे दिली. दुरुस्ती नेहमी गुप्तच असावी असे नाही, हे या उदाहरणावरून दिसते. ती उघड असू शकते, कठोरही असू शकते. मात्र दुरुस्त करणाऱ्याला स्वतःही दुरुस्त होण्याची तयारी ठेवावी लागते.

आता पुन्हा श्रीनिवास शास्त्री यांच्याकडे वळता येईल. महात्मा गांधींच्या आत्मकथेचा महादेव देसाई यांनी केलेला इंग्रजी अनुवाद प्रथम १९२७ आणि १९२९ मध्ये दोन खंडांत आला. १९४० मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली. तिच्या प्रस्तावनेत देसाई सांगतात की इंग्रजीचे थोर जाणकार म्हणून ख्याती असलेल्या एका आदरणीय मित्राने भाषेच्या दृष्टीने हा अनुवाद काळजीपूर्वक तपासला आहे. पण आपले नाव कोठेही येता कामा नये, अशी त्याची अट आहे. तो मित्र म्हणजे शास्त्री, हे पुढे सर्वमान्य झाले. असहकाराच्या प्रश्नावर गांधी आणि शास्त्री यांच्यात तीव्र मतभेद होते. तरीही ज्या मार्गावर आपला विश्वास नाही त्या मार्गाने गेलेल्या माणसाची कथा निर्दोष इंग्रजीत जगापुढे जावी यासाठी शास्त्री ओळीओळीवर बसले. ज्या भाषेने त्यांना कीर्ती दिली होती तिचे सर्वांत निष्ठेचे काम त्यांनी अनामिक राहून केले.

योगायोग असा की ज्या पुस्तकाचे इंग्रजी शास्त्रींनी दुरुस्त केले, त्याच पुस्तकात दुरुस्तीविषयीचा एक अविस्मरणीय प्रसंग आहे. राजकोटच्या शाळेत जाइल्स नावाचे इन्स्पेक्टर तपासणीला आले आणि त्यांनी मुलांना पाच इंग्रजी शब्द लिहावयास सांगितले. त्यांपैकी 'केटल' या शब्दाचे स्पेलिंग छोट्या मोहनदासने चुकविले. शिक्षकांनी बुटाच्या टोकाने खुणावून शेजारच्या मुलाच्या पाटीवरून ते सुधारून घेण्यास सुचविले. मुलाला ते सुचले नाही, कारण शिक्षक नक्कल होऊ नये म्हणून उभे आहेत असेच तो समजत होता. शिक्षकाची सूचना मानली असती तर पाटीवरचा शब्द निर्दोष झाला असता. पण ती दुरुस्ती मुलासाठी नव्हतीच. इन्स्पेक्टरसमोर वर्गाची आणि वर्गाबरोबर शिक्षकाची अब्रू राखण्यासाठी होती. शब्द सुधारून माणूस बिघडवणारी दुरुस्तीही असू शकते, हे ध्यानात ठेवावयास हवे.

येथे तिसऱ्या रीतीचा पुरस्कर्ता विचारील की मुळात चूक कशाला म्हणावे हे तरी ठरले आहे काय? आक्षेप योग्य आहे. 'आय वेंट देअर ओन्ली' हे वाक्य इंग्रजाला खटकते. परंतु तमिळमध्ये शब्दाला जोर देणारा 'तान्' आहे, मराठीत 'च' आहे. 'तेथेच' म्हणावयाचे असते तेव्हा दोन्ही भाषकांच्या मुखी 'ओन्ली' येते. 'डिस्कस अबाउट' म्हणणाऱ्याच्या मनात 'विषयी चर्चा' असते. 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' या प्रयोगामागे आपल्या क्रियापदांची ठेवण आहे. या चुकांना व्यवस्था आहे. त्या अज्ञानातून कमी आणि दुसऱ्या एका भाषेच्या ज्ञानातून अधिक येतात. आर्नल्ड राइट यांनी १८९१ मध्ये 'बाबू इंग्लिश'चे नमुने विनोदासाठी छापले. मुंबई इलाख्याच्या सनदी सेवेतील जॉर्ज क्लिफर्ड व्हिटवर्थ यांनी १९०७ मध्ये भारतीयांच्या इंग्रजीतील वाक्प्रचारांच्या चुकांवर एक गंभीर पुस्तक लिहिले. नंतर निस्सिम इझिकेल यांच्यासारख्या मुंबईच्या कवीने हीच भाषा कवितेत आणली, आणि ती थट्टा आहे की माया, यावर वाचकांत आजही एकमत नाही. 'प्रीपोन' या शब्दाला एके काळी लोक हसत. आज तो ऑक्सफर्डच्या कोशात आहे. १९९० आणि १९९१ मध्ये रँडॉल्फ क्वर्क आणि ब्रज काचरू यांचा या विषयावर जो वाद झाला, त्यात काचरूंची बाजू काळाने पुष्कळ अंशी उचलून धरली आहे.

तथापि हा युक्तिवाद करणारा बहुधा निर्दोष इंग्रजीत तो करीत असतो. व्याकरणाचे ओझे झुगारून द्या असे तोच सांगू शकतो, ज्याने ते पाठीवरून उतरवून सुरक्षित जागी ठेवले आहे. ज्याचा अर्ज पहिल्याच ओळीतल्या चुकीमुळे बाजूला पडणार आहे, त्याला 'तुझी इंग्रजी ही एक स्वतंत्र बोली आहे' असे सांगणे सौजन्याचे वाटले तरी न्यायाचे नाही. मौनही पुष्कळदा असेच असते. न बोलणाऱ्याला सभ्यतेचे समाधान मिळते आणि चुकणारा मात्र पुढच्या दारावर पुन्हा अडतो. रामानुजन यांच्या मित्रांनी त्यांचे इंग्रजी ही एक वेगळी शैली आहे असे मानून पत्र तसेच जाऊ दिले असते, तर ती उदारता ठरली असती काय? जग नियमाने मोजणार आहे हे माहीत असताना मित्राला नियम न सांगणे, ही मैत्रीतली उणीवच म्हणावी लागेल.

इंग्रजीच्या संदर्भात हे सर्व मान्य करणाऱ्या मराठी वाचकाने क्षणभर आपल्या भाषेकडेही पाहावे. वर्गात एखादा मुलगा 'पानी' म्हणतो आणि सारा वर्ग हसतो. शिक्षक 'पाणी' असे सुधारून देतात. त्या एका अक्षरात मुलाच्या आईची, आजीची, वस्तीची सारी बोली चुकीची ठरते, आणि आपल्या घरी चुकीचे बोलतात हा धडा तो मुलगा त्या दिवशी घेऊन जातो. प्रमाण मराठी त्याला हवी आहे. ती मिळण्याचा त्याचा हक्क आहे. पण 'परीक्षेत असे लिहावे लागते' आणि 'तुमच्याकडे अशुद्ध बोलतात' या दोन वाक्यांत फार अंतर आहे. शुद्धतेच्या स्थैर्याविषयीही गर्व नको. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वी अनुच्चारित अनुस्वार न देणारा चुकत असे. त्यानंतर देणारा चुकू लागला. कुंभकोणम आणि तंजावरच्या घरांत साडेतीनशे वर्षे जपलेली मराठी पुण्याच्या कानाला विचित्र लागते. तिला आपण बिघडलेली म्हणणार की टिकलेली? महाराष्ट्रापासून एवढ्या दूर, शाळेच्या आधाराविना, तमिळच्या महासागरात पिढ्यान्‌पिढ्या बोलली गेलेली भाषा ऐकताना ज्याला प्रथम तिच्यातील चुका ऐकू येतात, त्याच्या शुद्धतेत काहीतरी उणे आहे. आणि हेच मान्य केले तर 'ओन्ली' म्हणणाऱ्या तमिळ किंवा मराठी कारकुनाविषयीही आपला सूर बदलावा लागतो.

म्हणून चूक दाखवावी की नाही या प्रश्नाला एकच उत्तर देता येणार नाही. दाखवणाऱ्याने स्वतःला काही प्रश्न विचारावेत, एवढेच म्हणता येईल. समोरच्याला या दुरुस्तीची गरज आहे काय? ती चारचौघांत केल्याने तिचा उपयोग वाढतो काय? त्याला जे सांगावयाचे आहे ते आपण आधी ऐकले आहे काय? आणि आपले नाव कोणाला कळणार नसेल, तरीही आपण ती दुरुस्ती करू काय? शेवटचा प्रश्न सर्वांत कठीण आहे. भर सभेत दुसऱ्याचे व्याकरण सुधारणारे किती जण एकान्तात, रात्री जागून, परक्याच्या नावाने जाणारे पत्र सुधारून देतील?

कुंभकोणममधील रामानुजन यांचे घर २००३ पासून स्मारक म्हणून जतन केलेले आहे. लोक ते पाहावयास जातात आणि ज्या महाविद्यालयाने त्यांना नापास केले त्याचीही आठवण काढतात. नापास करणारी ती उत्तरपत्रिका त्यामुळे अजून लोकांच्या बोलण्यात आहे. ज्या मित्रांनी १९१३ च्या जानेवारीत त्या कारकुनाजवळ बसून त्याचे इंग्रजी नीट करून दिले, त्यांची आठवण कोणाला नाही. त्यांचे काम मात्र त्या पत्राबरोबर केंब्रिजला पोहोचले.